एस पुसायचा नाही

१ ऑगस्ट १९७८, मंगळवार
माझ्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये के.जी.ची एक जागा रिकामी झाली आहे. रेल्वेतल्या कुणा साहेबांची भोपाळला बदली झाली, त्यांची मुलगीही त्यांच्याबरोबर गेली. बातमी मला सगळ्यांच्या आधी लागली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईला बातम्या आपोआप लागतात, त्याला चोंबडेपणा म्हणत नाहीत.

लगेच कोराडीच्या पॉवर स्टेशनमध्ये विश्वनाथला फोन केला. म्हटले, नलूला माझ्याकडे आणून सोड. चार वर्षांची पोर त्या राखेत वाढते आहे आणि कॉलनीच्या बालवाडीत दिवसभर टाळ्या वाजवते. इथे नागपुरात, धंतोलीत राहील, कॉन्व्हेंटमध्ये जाईल, रविवारी आईबापांना भेटेल. विश्वनाथ म्हणाला, गोपिकाला विचारतो. इंजिनीअर झाला, पण बायकोला विचारल्याशिवाय बटण दाबत नाही. मग म्हणाला, आई, मुलगी तिचीही आहे. मी म्हटले, म्हणूनच घाई करते आहे.

सूनबाईंची अट आली. इंटरव्ह्यू २६ तारखेला. जागा मिळाली तर नलू आजीकडे राहील. नाही मिळाली तर पोळ्याच्या आत घरी. मान्य केले. जागा मिळणारच आहे.

मी एकटी असते म्हणून नातीला मागते आहे, असे शेजारच्या यमुताईंनी सुचवले. तसे काहीही नाही. नोंद असावी म्हणून लिहिते.

३ ऑगस्ट, गुरुवार
नलू आली. एक ट्रंक, एक डोळा नसलेली बाहुली आणि आईची भाषा घेऊन आली. आल्याआल्या म्हणाली, मले भूक लागली. मी म्हटले, मला भूक लागली. तर म्हणते, तुले बी लागली काय वं आजी? मग दोघींनी आधी जेवून घेतले.

योजना: बाकीच्या आया ए-बी-सी-डी पोपटासारखी घोकून घेतात. आमच्या आयरिश मदर तसे करीत नसत. आधी आवाज, मग आकार, नाव सगळ्यांत शेवटी. सुरुवात एसने करायची. साप वळतो आणि फुसफुसतो. एकाच चित्रात आवाज आणि आकार दोन्ही आले. हल्लीच्या टीचर्सना हे सुचायचे नाही. रोज एक-दोन अक्षरे घेतली तर इंटरव्ह्यूच्या आधी झेड संपून उजळणीला वेळ उरेल.

४ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी
अपेक्षेप्रमाणे यश. पाटीवर एस काढला, त्याला डोळा आणि जीभ काढली, स्स्स् करून दाखवले. नलूने लगेच स्स्स् केले. शेवटी अ चिकटवला नाही, नुसता स्स्स्. तोच आकार स्वतःच्या हाताने गिरवला. मदर असत्या तर तिला येशूचे होली पिक्चर बक्षीस दिले असते.

दुपारी
पुढचे अक्षर घ्यायला ओले फडके उचलले, तर नलूने पाटीवर दोन्ही हात ठेवले. नागोबाले पुसत नसते, म्हणाली. डोळे मिटून पाटीला नमस्कार केला आणि मलाही कर म्हणाली. मी शांतपणे समजावले की हा साप नाही, हे इंग्रजी अक्षर आहे. तर विचारते, मंग तू डोया काहून काढला?

प्रश्न गैरलागू होता.

५ ऑगस्ट, शनिवार
मूळ सापडले. गोपिकाची आई, जिजाबाई, सावनेरकडच्या खेड्यात असते. गेल्या नागपंचमीला तिने भिंतीवर गंधाचा नागोबा काढून नलूकडून पूजा करवून घेतली आणि सांगितले, याला आपण पुसायचे नाही, तो आपला आपण जातो. म्हणून नलू पाटी भिंतीला टेकवून एस आपला आपण जायची वाट पाहते आहे. पेन्सिलीचा एस जात नाही. मी दोनदा पाहिले.

शेतकऱ्यांच्या घरी मुलगी पाहायला गेलो, तेव्हाच मी विश्वनाथला म्हणाले होते. काय म्हणाले होते ते आता आठवत नाही, पण ते बरोबर होते.

दुसरी पाटी आणली.

६ ऑगस्ट, रविवार
दुसऱ्या पाटीवर एस काढला, पण डोळा नाही, जीभ नाही. शुद्ध अक्षर. म्हटले, आता बोल. नलूने बराच वेळ पाहिले. मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन काळजीपूर्वक डोळा काढला. आंधया होता बिचारा, म्हणाली.

आता दोन पाट्या अडल्या.

८ ऑगस्ट, मंगळवार
आज नागपंचमी आहे हे माझ्या लक्षात राहिले नाही. कॅलेंडरवर होते, पण कॅलेंडर दरवाजाच्या मागे आहे.

स्वयंपाकाच्या प्रयागबाईंनी सकाळीच जाहीर केले की आज तवा ठेवणार नाही, विळी घेणार नाही. मी म्हटले, मला पोळी लागते. त्या म्हणाल्या, उद्या खा जी, आज काय मरून राहिल्या? मग व्हरांडा झाडायला गेल्या आणि तिथे भिंतीला टेकलेल्या दोन पाट्या त्यांना दिसल्या. मी आंघोळ करून येईपर्यंत दोन्ही एसना हळदकुंकू लागले होते, पुढे लाह्या-फुटाणे होते, आणि नलू हात जोडून बसली होती. प्रयागबाई म्हणाल्या, बाई, तुमी तर जोडीनं काढले जी. मले वाटलं तुमी हे काही मानत नाही.

मी सांगितले की हे नागोबा नसून इंग्रजी आहे. त्या म्हणाल्या, असंन.

थोड्या वेळाने यमुताई वाटीत दूध घेऊन आल्या. त्यांच्याकडे नागोबा काढायचा पाट कुठे ठेवला आहे ते सापडत नाही, म्हणून म्हटले इथेच करावे. त्यांनाही सांगितले की हे अक्षर आहे. त्या म्हणाल्या, असू दे, मी कुठे वाचते आहे.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत पाच बायका येऊन गेल्या. मी प्रसाद वाटला नाही. फक्त ताट धरले.

१२ ऑगस्ट, शनिवार
फरशीवर खडूने टी काढला. नलूने विचारले, हा चावते काय? नाही म्हटल्यावर लगेच शिकली आणि लगेच पुसू दिला. बी, एम, ओ तसेच गेले. म्हणजे पद्धत बरोबर आहे, फक्त एका अक्षरावर गाडी अडते.

निर्णय: एस वगळायचा. एवढ्या अक्षरांतून कुणी नेमका एस विचारणार नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार
दुपारी नलू झोपलेली पाहून दोन्ही पाट्या पुसून टाकायचे ठरवले. फडके ओले केले. पण दूध चौकटीला वाळून चिकटले आहे, त्याला गरम पाणी लागेल. पाणी तापवायला स्टोव्ह पेटवावा लागेल, त्याच्या आवाजाने ती उठेल. फडके पिळून वाळत टाकले.

यात घाबरण्याचा प्रश्न नव्हता.

२२ ऑगस्ट, मंगळवार
तक्रार: नलू दुपारी माझ्याजवळ झोपते आणि पाय माझ्या पोटावर टाकते. त्यामुळे चार वाजताचा चहा पाच वाजता होतो. पाय बाजूला करता आला असता, पण अर्धवट झोप झालेल्या मुलांच्या डोक्यात अक्षरे राहत नाहीत.

तिच्यासाठी गणवेशाचे कापड पाहून ठेवले. दुकानदार म्हणाला, आधी अॅडमिशन तर होऊ द्या. त्याच्याकडून घेणार नाही.

२६ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी
इंटरव्ह्यू झाला.

सिस्टर तरुण आहेत, केरळच्या. मी त्यांना आमच्या बॅचविषयी आणि मदरविषयी थोडे सांगितले. त्यांनी घड्याळ पाहिले. नलूने नाव सांगितले, गुड मॉर्निंग म्हटले. मी मधे एकदाच बोलले, फार तर दोनदा. मग सिस्टर तिला फळ्याजवळ घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, तुला आवडते ते कुठलेही अक्षर काढ.

आवडते ते. असे विचारतात का कुणी?

नलूने एस काढला. हात पोचेल तिथून सुरू करून खाली फळ्याच्या कडेपर्यंत, एकसारख्या वळणाचा. डोळा काढला नाही. कुठे काय करायचे हे तिला समजते. स्वतःहून स्स्स् असा आवाजही केला. सिस्टर लव्हली म्हणाल्या. मी मागे बसलेल्या आयांकडे एकदा पाहून घेतले.

मग सिस्टर म्हणाल्या, आता दुसरे काढ, आणि त्यांनी डस्टर उचलला.

नलू रडली नाही. हातही आडवा घातला नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिले.

मी उठले. मला म्हणायचे होते की नलू, पुसू दे त्यांना. प्रत्यक्षात मी म्हणाले की सिस्टर, तेवढा पुसू नका. त्यांनी विचारले, का? ज्या इंग्रजीत मी मुंबईच्या ऑपरेटरांना गप्प केले आहे, त्या इंग्रजीत मला एक वाक्य सापडले नाही. मी म्हटले, बाजूला जागा आहे, टी तिथे मावेल. त्या म्हणाल्या, बाहेर अजून पुष्कळ मुले आहेत, मॅडम. तोपर्यंत डस्टरचे दुसरे टोक माझ्या हातात आले होते. कसे आले ते सांगता येत नाही. खडूची पूड माझ्या नव्या वॉयलच्या साडीवर पडली. सिस्टर म्हणाल्या, प्लीज सिट डाउन. त्या शाळेत मला हे वाक्य नवीन नाही.

बाहेर आल्यावर नलूने विचारले, पुसला काय वं त्या बाईनं? मी वळून पाहिले नव्हते. नाही पुसला, म्हणून सांगितले.

२८ ऑगस्ट, सोमवार
जागा दुसऱ्या मुलीला दिली. दोष फळ्याचा आहे. एवढ्या नावाजलेल्या शाळेत एवढासा फळा.

विश्वनाथला फोन केला. त्याने विचारले, नलूला काही आले नाही का? मी म्हटले, तिला सगळे येत होते. मग काय झाले? म्हटले, लाइन खराब आहे, आणि ठेवला.

३० ऑगस्ट, बुधवार
विश्वनाथ आणि गोपिका येऊन नलूला घेऊन गेले. गोपिकाने ट्रंक भरताना विचारले, आई, तुमी बी चला ना पोळ्याले. मी सांगितले, मला खूप कामे आहेत. कुठली ते तिने विचारले नाही. मुलगी वाईट नाही. नलू जीपमधून म्हणाली, ये वं आजी, तुले बैल दाखवतो. मुलींनी दाखवते म्हणायचे असते. दुरुस्त करायच्या आत जीप वळली.

घर आता मोकळे झाले. चहा चार वाजता वेळेवर घेतला. दुपारी निवांत पडले होते, पण उकाड्यामुळे झोप लागली नाही. यमुताई म्हणाल्या, आज तर गार आहे. त्यांना कशातले काही कळत नाही.

संध्याकाळी बर्डीच्या बसस्टॉपपर्यंत फिरायला गेले होते, तेव्हा सहज कोराडीच्या बसची वेळ विचारली. नुसती माहिती असावी म्हणून. कंडक्टर म्हणाला, आत्ताच सुटून राहिली मावशी, बसता काय? बसले नाही. हातात नुसती पर्स होती, कपडे नव्हते.

उद्या पिशवी घेऊन विचारायला जाईन.