निळ्या ड्रमाचा वळसा

१७ नोव्हेंबर २००२, रविवार
गुडघे बोंबलतायत. सकाळभर डिंभे धरणाच्या पाण्याकाठी उभी. रिटायर झाल्यावर परत पोरं शिकवायची नाहीत असं ठरवलं होतं, आणि दर रविवारी मूकबधिर शाळेची ही चार टाळकी घेऊन होडी शिकवतेय. फुकटची हमाली. पण आज होडी सरळ गेली.
पुण्याहून येणारे सर ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. ऐकणार कोण? शेवटी मीच मंगलला सगळ्यांत पुढं बसवलं. मागच्या तिघांनी फक्त तिच्या खांद्याकडं बघायचं. तिचा खांदा वाकला की यांची वल्ही पाण्यात. गाडी रुळावर.
वळायच्या जागी सरांनी दिवाळीतच निळा ड्रम बांधलाय. त्याच्या दोरीच्या टोकाचा दगड तळाशी कशात तरी पक्का अडकला म्हणून खूश आहेत.

२४ नोव्हें.
मं.चे वडील आले होते. काठावर उभं राहून लेकीची होडी ड्रमाला वळसा घालताना पाहिली आणि तडक निघाले. चहासुद्धा नाही. संध्याकाळी शाळेत निरोप, पोरगी होडीत बसणार नाही. कारण? नाही.
डोकंच फिरलं माझं. त्या पोरीला जन्मात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं मिळालं, तेही बघवेना? आणि होड्यांची स्पर्धा तोंडावर.

२६ नोव्हें.
भांडायच्या तयारीनं त्यांच्या घरी गेले. धरणाच्या वर, डोंगराला नवी घरं आहेत. मी बोलू दिलं नाही, तरी ते शांत. मग म्हणाले, "बाई, आमचं गाव पाण्याखाली हाय. आपल्या उंबऱ्यावरनं होडी न्हाई घालत आमी."
उन्हाळ्यात पाणी उतरलं की ही माणसं आपापल्या जोत्यावर जाऊन निवद ठेवतात. एरवी त्या पाण्यात पायसुद्धा घालत नाहीत. मला काय माहीत? मी खाली मंचरची.
म्हटलं, जागा दाखवा, तेवढी सोडून होडी नेऊ. "बरं" म्हणाले. मी होडीत येतो, पण पायातल्या चपला हातात घेऊन बसेन, म्हणाले.

१ डिसें.
लिहवत नाही, पण लिहिते.
वडील मधे, मी मागं, मं. पुढं. समोरचा सुळका आणि काठावरचा वड एका रेषेत धरून ते जागा सांगत होते. "हितं तालीम व्हती. हितं आमचं दार." ड्रमापाशी आलो तर होडीची कड घट्ट धरली.
"हिची आय हितं हाय. नदीकाठला जाळली. नावाचा दगड बसवलाय."
ड्रमाचा दगड कशात अडकला ते मी विचारलं नाही. पोरगी दिवाळीपासून आईभोवती फेऱ्या मारत होती.
ते रडायला लागले. मं.नं मागं वळून पाहिलं. मला हातानं विचारलं, काय झालं? आई गेली तेव्हा ही दोन वर्षांची. घरात हातानं बोलणारं कोणी नाही. तिनं आईबद्दल विचारलं की आजवर सगळ्यांनी बोट आभाळाकडं दाखवलं.
काठाला आल्यावर ते म्हणाले, "तुमीच सांगा, बाई. मला न्हाई येत तसं."
मी सांगितलं. आई. जाळली. खाली. तिथं. चार खुणा. मं. रडली नाही. पाण्याकडं बघत बसली. मलाच रडू आवरेना.

५ डिसें.
ड्रम हलवला. दगड सुटेना, शेवटी सरांनी दोरी कापली. होडी आता पार पलीकडून वळणार. वडील स्वतः शाळेत आले. "आता बसू द्या तिला. लई आवडतं तिला."
आता मं.च वल्हं धरत नाही.

८ डिसें.
रेश्माला पुढं बसवलं. होडी जागच्या जागी गोल फिरली. रेश्मा रडली, बाकीचे दोघं तिच्यावर चिडले. मं. काठावर पाण्याकडं पाठ करून बसली होती.
सर म्हणतात, स्पर्धेतून शाळेचं नाव काढून घेऊ. मी म्हटलं, थांबा. कशाच्या जोरावर म्हटलं कुणास ठाऊक.

१४ डिसें., शनिवार
उद्या स्पर्धा. दुपारी होडी धुवत होते, तर मं. आली. एकटीच. होडीत चढली, आपल्या जागेवर बसली. मला वाटलं, सुटले.
मग तिनं हातानं विचारलं. वल्हं. खाली. आई. आणि स्वतःच्या दंडावर चापट मारून, लागतं का?
मी मान हलवली. नाही, नाही लागत. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. या पोरांशी खोटं बोलता येत नाही, ती तोंड वाचतात. आणि मला खरंच माहीत नव्हतं.
ती उतरली आणि शाळेकडं गेली. उद्या येणार का, तेवढंही मी विचारलं नाही.