बांगड्यांची मशीद

१२ जानेवारी १९९८

ठरलं! प्रकल्प – स्पेनमधली कॉर्दोबाची मशीद. चव्वेचाळिसाव्या वर्षी बी.ए.चं शेवटचं वर्ष. बाकीचे पेपर काठावरच जाणार, तारलं तर हा प्रकल्पच तारेल. इखार सर म्हणाले, "केळझरचं मंदिर घ्या ना, जवळ पडेल." नाही घेतलं. नऊ जणांनी तेच घेतलंय.

पुस्तकात काय वाचलं – पहिल्या मशिदींना मिनारच नव्हते! मदिनेत खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्या. संपलं.

१९ जानेवारी

कॉर्दोबाला खांबच खांब. जुन्या रोमन इमारतींचे उचलून आणलेले. उंची कमी पडली म्हणून कमानीवर दुसरी कमान चढवली. बाराशे वर्षांपूर्वीचा जुगाड! फार आवडलं मला हे.

खांबांसाठी दुकानातली दोऱ्याची चौसष्ट रिळं उचलली. पाटीवर ह्यांचं नाव, 'हिरालाल मॅचिंग सेंटर', पण दुकान माझंही आहेच ना. ह्यांना सांगितलं नाही.

२३ जानेवारी

कमानी जमेनात. मग सुचलं – प्लास्टिकच्या बांगड्या! वरची कमान अर्धी बांगडी. खालची घोड्याच्या नालासारखी, म्हणजे अर्ध्याहून जरा जास्त. गरम सुरीने कापत बसले होते, तेवढ्यात सासूबाई दारात.

"काऊन व, बांगड्या तोडून राह्यली? माह्यं पोरगं जित्तं हाय न!"

आणि रडायलाच लागल्या. पोरगं दुकानातून धावत आलं तेव्हा कुठे गप्प झाल्या. मग पोराची नजर रिळांवर गेली.

२४ जानेवारी

ह्यांचा अबोला. बरं झालं, काम भराभर होतंय.

२९ जानेवारी

एक खांब विकला गेला! अन्नपूर्णाबाई पोपटी दोरा घ्यायला आल्या. दुकानातला संपलेला. ह्यांनी सरळ आत येऊन मशिदीतून रीळ उपटलं. "गिऱ्हाईक पह्यले, स्पेन मंग!" कमान लोंबकळली. तिथे राणी कलरचं रीळ लावलं.

६ फेब्रुवारी

झालं! कमानींवर नेलपॉलिशचे लाल पट्टे, मधे पांढरे. मिहराब – म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा – काजळाच्या डबीचा. खाली बाण काढून लिहिलं, 'मक्का – पश्चिम'. आमच्या सिंदीत नमाज पश्चिमेकडे तोंड करून, गिरडच्या दर्ग्यातही तसाच. एवढं तर मलाही कळतं.

१० फेब्रुवारी

वर्ध्याला तोंडी परीक्षा. एसटीत मशीद मांडीवर. कंडक्टर म्हणे, "हिचं अर्धं तिकीट फाडू का?"

सर खूश! "दिशासुद्धा अचूक दाखवलीत." चाळीसपैकी सदतीस!! आणि मशीद कॉलेजच्या काचेच्या कपाटात, माझ्या नावानिशी. हे चक्क पेढे घेऊन आले. "रिळं गेले, पर नाव तं झालं."

१२ फेब्रुवारी

सत्यानाश. मयुरी दहावीच्या अभ्यासाचा नकाशा घेऊन बसली होती. "आई, हे पाय. मक्का तं स्पेनच्या पूर्वेले हाय. पश्चिमेले निरा समुद्र!"

खरंच की. आपण मक्केच्या पूर्वेला राहतो म्हणून आपली पश्चिम! माझी अख्खी मशीद मक्केकडे पाठ करून उभी आहे. काचेच्या कपाटात!

१३ फेब्रुवारी

पुन्हा वाचलं. खरी मशीद म्हणे दक्षिणेकडे वळलेली, आणि ती तशी का यावर विद्वान अजून भांडतात. म्हणजे त्यांचंही जरा हुकलंच. पण माझ्याइतकं नाही.

सासूबाई म्हणतात, "मार्क भेटले न? मंग सांगाचं कायले?" ह्यांचंही तेच. मार्क कापले तर मी नापास, हे मलाही दिसतंय. पण दरवर्षी पोरं ते कपाट बघून चुकीचं लिहितील, वर माझं नाव. लाज वाटते. जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी

सरांना पत्र लिहिलं. पेटीत टाकलं. लगेच काढून घ्यावंसं वाटलं. हात घातला तो मनगटापर्यंत अडकला! पोस्टमन श्रावणने साबण लावून सोडवला. पत्र मात्र दिलं नाही. म्हणाला, "आता ते सरकारचं झालं, वयनी."

२६ फेब्रुवारी

सरांचं कार्ड. "पंधरा वर्षं मीही वर्गात पश्चिमच सांगत आलो. शनिवारी येऊन पोरांना तुम्हीच शिकवा. मी मागच्या बाकावर बसतो." मार्कांबद्दल एक अक्षर नाही.

शनिवार म्हणजे परवाच! पोरं मला मॅडम म्हणतील.