शराटीची टोपी

दि. ९ जानेवारी, शनिवार

तीर्थरूप काका,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होते, पण तुम्ही म्हणाला असता, एवढी वाकलीस म्हणजे काहीतरी हवंय. हवंय खरं, पण दमानं सांगते.

तब्येत कशी आहे? दादाच्या फोनवरून कळलं की गुडघा बरा आहे आणि वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतका उत्साह आलाय. म्हणजे तब्येत उत्तम. काकू असती तर तुमच्यापुढे निवडायला भाजी टाकून तिने तुम्हाला गप्प बसवलं असतं. मी इकडे ठीक आहे. शाळेत चित्रकलेचे तास आठवड्याला बावीस झालेत. मुख्याध्यापिकांना वाटतं, चित्रकला शिकवायला घसा लागत नाही.

आमच्या शाळेच्या मैदानावर शराटी उतरतात. सकाळी सातच्या सुमारास मैदानाला पाणी मारून झालं की चार-पाच येतात आणि ती लांब वाकडी चोच ओल्या मातीत खुपसत फिरतात, चष्मा हरवल्यासारखे. मध्येच एखादा असा किंचाळतो की वर्गातली मुलं दचकतात. रूप म्हणाल तर यथातथाच. काळं अंग, खांद्यावर पांढरा डाग, विटकरी पाय. पण ऊन तिरपं पडलं की पंखावर जो निळा-हिरवा रंग उमटतो, त्यापायी मी तीन महिन्यांत चारशे फोटो काढले आणि एकातही तो धड आलेला नाही. मुलं तर वेडीच झालीत. मोर काढा म्हटलं तरी शराटी काढतात. देखणा नसलेला पक्षी काढायला त्यांना बरं वाटतं, बिघडला तरी कोणी हसत नाही.

आता तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपल्या घरात सहा वर्षं शराटीचं नाव कोणी काढलं नाही, आणि ही बया पानभर तेच लिहितेय. लिहू द्या. थांबले तर पुढचं लिहिणं व्हायचं नाही.

पक्ष्यांच्या पुस्तकासाठीचं ते चित्र तुम्ही संग्रहालयाच्या खणातल्या, पेंढा भरलेल्या शराटीवरून काढलंत. चाळीस वर्षं तुम्ही तसंच काढत आलात. मेलेला पक्षी हलत नाही आणि खोटंही बोलत नाही, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पिसांपुरतं ते खरं आहे, काका. पण शराटीच्या डोक्यावर पिसं नसतात, उघडी कातडी असते, आणि ती वाळली की रंग उडतो. खणातल्या पक्ष्याची टोपी तपकिरी पडली होती, तुम्ही तपकिरी रंगवलीत. जिवंत शराटीची टोपी लाल असते, पिकल्या मिरचीसारखी. मी तेव्हा म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, काल तुला ब्रश धरायला शिकवलं, आज तू मला पक्षी शिकवणार? मग मी वाद घातला नाही.

वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्या दुपारी तुम्ही चित्र बांधून माझ्या हाती दिलंत, दोन गल्ल्या पलीकडे नानांच्या छापखान्यात पोचवायला, आणि आडवे झालात. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. दोरी सोडली. झिरो नंबरचा ब्रश घेऊन, जाड रंगाने, ती टोपी लाल केली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आतून तुमचं घोरणं ऐकू येत होतं.

हे मी केलं, काका. नानांनी नाही, त्यांच्या कामगारांनी नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पुस्तक आलं, तुम्ही तडक छापखान्यात गेलात आणि तीस वर्षांपासूनच्या मित्राला, नानांना, कामगारांदेखत नाही नाही ते बोललात. माझ्या चित्रावर ब्रश फिरवणारा हात तोडला पाहिजे, असंही म्हणालात. तो हात तुमच्या मागे, तुमचीच पिशवी धरून उभा होता. नाना एवढंच म्हणाले की आमच्याकडून चुकलं असेल. त्यानंतर तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत, ब्रश धरला नाहीत, आणि दादाकडे राहायला गेलात. लोकांना सांगता, हात कापतो. चहाचा कप धरताना तो कापत नाही, हे मी पाहिलंय.

मी बोलले नाही, कारण मी भित्री. आईबाबा गेल्यावर तुम्ही आणि काकूने मला घरात घेतलंत, आणि मला कायम वाटायचं की एक मोठी चूक झाली की तुम्ही मला परत पाठवाल. कुठे, ते मलाही सांगता आलं नसतं. शिवाय रंग बरोबर होता ना, या एका गोष्टीला धरून मी सहा वर्षं ढकलली. रंग बरोबर होता. पण चित्र तुमचं होतं. त्याला चोरून हात लावला आणि आळ दुसऱ्यावर जाऊ दिला, याची मला लाज वाटते.

मागच्या मंगळवारी नाना शाळेत आले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणतात, तुमचा पत्ता हवा होता. माझ्याने राहवेना. शिक्षकखोलीत, तपासायच्या वह्यांच्या ढिगासमोर, मी सगळं सांगून टाकलं. नानांनी चहा संपवला, कप खाली ठेवला.

"चित्र उघडलं तेव्हा रंग ओला होता, पोरी. वरच्या कागदाला चिकटला होता."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. मग एवढं ऐकून का घेतलंत, असं मी विचारलं.

"मला दुसरे मित्र होते," ते म्हणाले. "तुला दुसरं घर नव्हतं."

त्यानंतरचा तास मी घेतला नाही. मुलांसमोर जाण्यासारखं तोंडच राहिलं नव्हतं.

नानांचं म्हणणं असं, की चित्र तुमचं, तेव्हा टोपीचा रंग तुम्हीच ठरवायचा. तपकिरी म्हणालात तर ते तपकिरी छापतील. फक्त एकदा जिवंत पक्षी बघून सांगा. काका येणार नाहीत, असं मी म्हटलं. तू लिहून तर बघ, म्हणाले.

सोबत एक फोटो आहे. चारशेतून मुद्दाम निवडलाय. शराटी पाठमोरा आहे, मान खाली, डोकं गवताआड. टोपी दिसत नाही. दिसली असती तर तुम्ही खुर्चीत बसूनच निकाल दिला असतात.

बुधवारपासून नाना रोज सकाळी मैदानाच्या बाकावर येऊन बसतात. शेजारी कोणी टेकायला लागलं, की म्हणतात, ही जागा धरलेली आहे.

रागवायचं असेल तर पत्रातून रागवू नका, काका. इथे येऊन, समोर उभं करून रागवा. मी कुठे जात नाही.

तुमच्या घरची,
तुमचीच पुतणी