जुना विषाणू, नवा विषाणू

३ जून
पाचव्यांदा तेच निघालं — म्हणजे चूक नाही! लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत शिरलेले विषाणू अजून आपल्या डीएनएत पडून आहेत, जवळजवळ आठ टक्के. त्यांतल्या एकाचं जनुक पेशीत चालू केलं. त्याचं प्रथिन एचआयव्हीच्या नव्या कणांत मिसळलं आणि कण लेचेपेचे निघाले. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तक्ता दोनदा पाहिला. प्रयोगाच्या ताटलीतलं ताटलीतच राहू दे, म्हणाल्या. अंगात काय होईल ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

४ जून
वहिनीला पाचवा लागला. गरोदरपणाच्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाल्यापासून आई तिच्याशी मोजकंच बोलते. आज तिचा कप वेगळ्या फळीवर. मी त्याच कपातून चहा प्यायले. आईने तोंड फिरवलं. दादा पेपरात डोकं घालून.

१९ जून
आई स्वयंपाकघरात पुटपुटली, "कुठून आणलं हिने आमच्या घरात?" वहिनी दारातच होती.

६ जुलै
वहिनीने विचारलं, तुमचा तो जुना विषाणू माझ्या बाळाला वाचवेल का? खोटा धीर देववेना. नाही म्हटलं, वाचवतील त्या तुझ्या रोजच्या एचआयव्हीवरच्या गोळ्या. एकही चुकवू नकोस. मग राहवेना म्हणून सांगितलं — पोटात बाळाला पोसणारी वार तयार व्हायला जे जनुक लागतं, ते अशाच एका जुन्या विषाणूकडून आलंय. तिने पोटावर हात ठेवला.
"म्हणजे ताई, त्यालाही घरचं व्हायला वेळ लागलाच की."
हसावं की रडावं कळेना.

२८ ऑक्टोबर
मुलगी! पावणेतीन किलो. आईने लांबूनच पाहिली.

१२ डिसेंबर
बाळाची पहिली चाचणी निगेटिव्ह. पुढच्या अजून बाकी आहेत, पण डॉक्टर हसून बोलल्या. वहिनीने रिपोर्ट आईपुढे धरला. आई म्हणाली, देवाची कृपा, नाहीतर हिने —
पुढे बोलू दिलं नाही दादाने. "आई, तिने नाही. मी."
आपल्याला एचआयव्ही आहे हे लग्नाआधीच कळलं होतं त्याला. भीतीपोटी ना उपचार घेतले, ना कुणाला सांगितलं.

१३ डिसेंबर
वहिनी बाळाला घेऊन माहेरी निघाली. तिची बॅग उचलून आई तिच्यासोबत गेली.