चिंध्यांची पिशवी

मास्तर, तुमची चिंध्यांची पिशवी अखेर माझ्या घरी आली आहे, आठवड्यापुरती आणि मागून आणलेली. तुम्ही गेलात त्या वर्षी ती तुम्ही त्याला दिलीत, तुमच्या दुसऱ्या शिष्याला. मला स्टुडिओतला जुना आरसा मिळाला. बायकांचे पदर सारखे करायला ठेवलेल्या बाईला आरसाच द्यायचा, हे मी तेव्हाच समजून घेतलं आणि तेव्हापासून त्या आरशात बघून रोज थोडी जळते. त्याच्या फोटोंखाली लोक लिहितात, 'मास्तरांची नजर उतरलीय.' मीही लाइकचा अंगठा दाबते आणि जेवायला बसते.

तुमची पद्धत मला अजून दिसते. बाहेर फोटो काढायचा म्हटलं की आधी पिशवी उघडायची. शिंप्याकडून मागून आणलेले कापडाचे तुकडे एकेक करून पोरीच्या हनुवटीखाली धरायचे, मागं शेत असो नाहीतर रंकाळ्याचं पाणी, आणि कुठला रंग जुळतो ते डोळे बारीक करून बघत बसायचं. मी एकदा घाईत, तुम्हाला न विचारता, पांढऱ्या साडीतली नवी मुलगी भर उसात उभी केली. प्रिंट बघून तुम्ही चहा खाली ठेवलात. "पोरगी कुठं हाय ह्यात? कैरी काढलीस की. उसाचा हिरवा गालावर चढलाय, दिसंना व्हय तुला?" तो शेजारीच उभा होता. हसला नाही, हेही मला टोचलं.

परवा शाहूवाडीकडच्या एका मुलीचे फोटो काढायचं काम आलं. पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभी राहणार होती, मागं पिकून पिवळं झालेलं भात. निमित्त मिळालं म्हणून पिशवी मागायला त्याच्याकडे गेले. खरं तर मला ती फक्त आतून बघायची होती. त्याने लगेच काढून दिली. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्याला गाठी. कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन.

"ह्या गाठी कसल्या रे?"

"एक गाठ म्हंजे तांबडा, दोन म्हंजे हिरवा, तीन म्हंजे बाकीचं रंग. तांबडा-हिरवा मला सारखंच दिसतंय, अक्का. पहिल्यापासनं. मास्तरांनी बसून मारल्यात सगळ्या. कुणाला सांगू दिलं न्हाय."

मी पिशवीची नाडी ओढून घट्ट केली. मग विचारलंच, "आणि मला का दिली नाही?"

"तुमास्नी कशाला? मास्तर म्हणायचे, तिला दिसतंय, तिला काय द्यायचं."

तिला दिसतंय. मास्तर, एवढे दोन शब्द माझ्या तोंडावर बोलायला तुमची काय फिल्म खर्ची पडत होती? कैरी तेवढी चारचौघांत ऐकवलीत.

शेतावर ती मुलगी मावशीची राणी रंगाची साडी नेसून आली. उन्हात साडी तेवढी ओरडत होती, चेहरा विझलेला. मी विटकरी लुगडं मागवलं, तिच्या आजीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. बांधावर उभी राहून ती म्हणाली, "ह्यात मी म्हातारी दिसंन की." कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिला फोटो दाखवला तर तिनं स्वतःच्या गालाला बोट लावून बघितलं. भाताचा पिवळा, लुगड्याचा विटकरी आणि तिचा सावळा, तिन्ही एकाच घरचे वाटत होते. पिशवी बांधावर तशीच बंद पडून होती.

तेव्हा वाटलं, माझं जळणं संपलं आता. घरी आल्यावर पिशवी उघडली, गाठी मोजत बसले आणि संपलं नाही. तुम्ही संध्याकाळी स्टुडिओ बंद करून, त्या जाड बोटांनी, त्याच्यासाठी एकेक कोपरा वळला असणार. मला दिसत होतं, म्हणून माझ्यासाठी काहीच करावं लागलं नाही. हुशार लेकराला आई ताट वाढायला विसरते, तसं.

हे पत्र पिशवीतच ठेवणार होते, पण पिशवी उद्या त्याच्याकडे जाणार आणि तो वाचेल. म्हणून एका चिंधीत गुंडाळून आरशामागं ठेवते आहे. चिंधी विटकरी आहे, एका गाठीची. ती मी त्याला परत देणार नाही.