ठमी तारेच्या आत होती

ता. पालम, जि. परभणी
दि. १९ जानेवारी २०२६

चि. धम्मशीला,

तुला बाबाचा जय भीम. तुझी आई बरी आहे. थंडीनं तिचा गुडघा ठणकायलाय, तरी तुरीच्या राशीवर जाते, ऐकत न्हाई. लातूरला थंडी कशी आहे? नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास चालू असंल.

गेल्या आठवड्यात तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी तो आईच्या हातात दिला. तू "हां बाबा" म्हणलीस की माझं पुढचं बोलणं राहूनच जातं. म्हणून कागद घेतला. सातवी सुटल्यापासून एवढं लांब कधी लिहिलं न्हाई, चुका पोटात घाल.

ठमीबद्दल सांगायचं आहे.

तू लातूरला जाताना मला वन खात्याच्या नावानं अर्ज लिहून दिला होतास. कुत्र्यांनी आईला मारलं म्हणून हे हरणाचं पिल्लू आमी शेळीच्या दुधावर वाढवलं, आता ताब्यात घ्या, असा. हरीण घरी ठेवणं गुन्हा आहे, हे तू मला दोनदा समजावून सांगितलं होतंस. नंतर मी तुला सांगितलं की ठमीला त्यांनी नेलं आणि माळावर सोडलं. ते खोटं होतं. तो अर्ज अजून पेटीत आहे.

मी तिला दिनकररावांच्या फार्मवर नेलं. मी तिथं राखणदार आहे, एवढंच तुला माहीत होतं. वीस एकराला डोक्यापेक्षा उंच तारेच्या जाळीचं कुंपण आहे आणि आत पाच-सहा हरणं होती, हे मी कधी बोललो न्हाई. मालक म्हणाले, आण इथं, तुझ्या डोळ्यांसमोर राहील. मलाही तेच पाहिजे होतं. तू गेल्यावर घर लय मोकळं झालं होतं, तीही गेली असती तर करमलं नसतं. रोज सकाळी ती फाटकाशी यायची, माझ्या हातातला हरभरा खायची. वर्षभर मी सुखात होतो, धम्मे. खोटं बोलून सुखात होतो.

हरणं तिथं कशासाठी होती, ते मला दिवाळीनंतर कळलं. गाड्यांतून पाहुणे आले, बंदुका घेऊन. जनावर जाळीच्या बाहेर जाऊ शकत न्हाई, त्यामुळं कुणाचा नेम चुकला तरी पुन्हा मारायला वेळच वेळ. त्या दिवशी दोन काळवीट गेले. मी फाटकाकडं तोंड करून उभा राहिलो. नोकरीचा विचार केला. ठमीला बाहेर काढायचा विचारही केला, पण माणसाला न बुजणारं हरीण माळावर किती दिवस जगंल, असं मनाला सांगत राहिलो.

आठ दिवसांमागं, रविवारी ११ तारखेला, सकाळी ते पुन्हा आले. ठमी गेली.

दुपारी मी पालमहून एस.टी. धरली आणि परभणीला वन खात्याच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. रविवार असूनही तिथं एक मॅडम ड्युटीवर होत्या, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. मी म्हणालो, फार्म मालकाचं, हरणंही मालकाचीच समजत होतो. त्या म्हणाल्या, "काका, जाळी ठोकली म्हणून रानातलं जनावर कुणाच्या मालकीचं होत न्हाई. आतली शिकारही शिकारच." दुसऱ्या दिवशी त्यांनी धाड घातली. बंदूक सापडली, उरलेली तीन हरणं त्यांनी नेली. दिनकररावांनी जबाबात सांगितलं की हरणं राखणदारानंच आणून पाळली. एक तरी मीच आणलं होतं, त्यामुळं माझंही नाव आरोपीत आहे. वकील बघू म्हणून तुझी आई तिच्या भावाकडं जाऊन आली.

जबाबात मी एक गोष्ट सांगितली आहे. ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

त्या सकाळी हरणं बाभळीच्या दाट झुडपात दडून बसली होती. पाहुणे कंटाळले. मालक मला म्हणाले, "दत्ता, तुझ्या हरणीला हाक मार. ती निघाली की बाकीची निघतील." नर मारणार, मादीला कोण मारतं, असं मला वाटलं. का तसं वाटून घेतलं, आता सांगता येत न्हाई. मी हाक मारली. तू मारायचीस तशीच, "ये गं ठमे, ये बाई."

ती एकटीच आली. पळत आली. माझ्यापासून वीस पावलांवर असताना गोळी वाजली.

धम्मे, ती पळून गेली न्हाई. पडली, उठली आणि माझ्याकडंच आली. माझ्या पायाशी येऊन बसली. तिला वाटलं असंल की मी काहीतरी करीन.

काल विहारात पंचशील म्हणताना पहिल्याच ओळीला मी थांबलो. प्राणी मारणार न्हाई, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? दारात चप्पल घालून बाहेर आलो.

तुला वन खात्याचा फोन येईल. अर्ज तू लिहिला होतास, तारीख काय होती, मी तुला काय सांगितलं, सगळं खरं खरं सांग. मला वाचवायला एक शब्द फिरवू नको. आईला भेटायला ये, तिला गरज आहे. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं न्हाई.

खाली बाबा लिहायला हात धजत न्हाई. तो शब्द परत द्यायचा का न्हाई, ते तू ठरव.

दत्तराव