पुढे जाऊन बघून येते

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. गॅलरीतली कुंडी मांजराने पाडली, एवढीच ताजी बातमी.

"तुम्ही दोघी इथेच थांबा, मी पुढे जाऊन बघून येतो." काल बसस्टँडवर एक गृहस्थ बायकोला आणि मेहुणीला हे म्हणाले आणि मी तिकिटाच्या रांगेतून गर्रकन वळले. अगदी भावोजींचा सूर. त्यांनी हे आपल्याला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तुझं लग्न नुकतंच झालं होतं आणि मी शेपटासारखी तुमच्या मागे आले होते. झऱ्याची वाट चिखलाची आहे का ते बघायला ते पुढे गेले, आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल माखून परत येऊन म्हणाले, "वाट उत्तम आहे, चला."

असो.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तू "बरं आहे, ठेवते" याच्या पुढे जात नाहीस आणि पत्रात मात्र चार पानं! तुझ्या इमारतीखाली औषधाचं दुकान आहे, त्यांच्या सुनेला प्रवासाचा ब्लॉग सुरू करायचा आहे आणि तिच्या वतीने तू मला प्रश्न पाठवले आहेस, हे वाचून मी जरा फुशारले. मी ब्लॉग सुरू केला तेव्हा तू काय म्हणाली होतीस आठवतं? "लोक काय तुझी वाट बघत बसलेत?" तेव्हा नव्हते. आता एखादा रविवार चुकला तर विचारतात, बाई बऱ्या आहेत ना.

तर तिला सांग, नाव शोधण्यात महिना घालवू नकोस. माझ्या ब्लॉगला 'पुढे जाऊन बघून येते' हे नाव कसं मिळालं ते तुला ठाऊक आहे, तिला सांगायची गरज नाही. महागडा कॅमेराही नको, हातातला फोन पुरतो. मात्र पायऱ्यांचा फोटो खालून काढला तर वरूनही काढायचा. खालून बघितलं की सगळ्याच पायऱ्या सोप्या वाटतात.

खरा प्रश्न, कोणासाठी लिहायचं. सगळ्या जगासाठी लिहायला बसलीस तर दुसऱ्याच ओळीत 'निसर्गाच्या कुशीत' येतं आणि मग आपलं आपल्यालाच वाचवत नाही. एक माणूस डोळ्यांसमोर ठेवायचं आणि ते काय विचारेल तेवढंच लिहायचं. माझ्यासमोर एक बाई असतात. साठीकडे झुकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, हट्टी. मी सूर्यास्ताचं वर्णन सुरू केलं की त्या म्हणतात, "ते राहू दे, बसायला कुठे आहे ते सांग." म्हणून मी बसायच्या जागांबद्दल लिहिते. बाकाला पाठ आहे का, सावली दुपारनंतर टिकते का, स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, चहावाल्याकडे स्टूल आहे की नुसताच दगड. आमचे हे सुरुवातीला म्हणाले, "घरात सोफा आहे, तो सोडून तू गावोगावची बाकं तपासत हिंडणार?" हिंडले. आता कामावर, चष्म्याच्या दुकानात मी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असते आणि ते गिऱ्हाईक मला विचारतं, "तलावाकडचा उतार आमच्या आईला झेपेल का हो?"

मी ऐकीव माहिती लिहीत नाही. प्रत्येक बाकावर स्वतः बसते. त्या नादात एकदा ओल्या रंगावर बसले आणि हिरव्या पट्ट्यांची पँट घालून बसने घरी आले. सगळी बस बघत होती. तेही लिहिलं. तो मजकूर सगळ्यात जास्त वाचला गेला!

बसच्या वेळा फळ्यावर बघू नये, चालकाला विचाराव्यात. हॉटेलवाल्याने खोली फुकट दिली तर तसं स्पष्ट लिहावं, नाहीतर घेऊ नये. आणि ज्या दिवशी फिरलो त्याच दिवशी चार ओळी टिपाव्यात, नाहीतर आठवणीत सगळीच बाकं आरामशीर होतात. एवढं केलं की बाकी आपोआप जमतं. मला जमलं म्हणजे कोणालाही जमेल, असं तुझ्या वतीने मीच लिहून टाकते.

तुझ्या पत्रातले काही प्रश्न मात्र मी दोनदा वाचले. कठडा चढताना कोणत्या हाताला येतो ते आधी कळतं का? अर्ध्यावरून परत फिरलं तर चालतं का? एकटी बाई बराच वेळ बसून राहिली तर लोक बघतात का? पोरगी विशीतली ना गं? बरीच पोक्त दिसते.

गुडघे कसे आहेत? मलम लावतेस ना?

तुझी,
भिंगरी


सोमवार, १७ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं कामाचं तेवढं औषधवाल्यांच्या सुनेला वाचून दाखवलं. "किती छान लिहितात हो" म्हणाली. तिला सगळंच छान वाटतं, परवा माझी पातळ आमटीही छान वाटली. त्यामुळे फार फुगू नकोस.

'साठीकडे झुकलेल्या, हट्टी' हे कोणाबद्दल आहे ते मी विचारणार नाही. साठीला अजून अवकाश आहे. गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, मला माझं वय मोजता येतं.

आमच्या इथल्या बागेतल्या एकाही बाकाला पाठ नाही असं तू गेल्या महिन्यात लिहिलंस. कोपऱ्यात भिंतीकडेला एक आहे, त्याला पाठ आहे. दुरुस्ती कर. चुकीचं वाचून कोणी तिष्ठत उभं राहायचं.

ह्यांचं वाक्य पत्राच्या सुरुवातीलाच टाकण्याआधी मला विचारायला हवं होतंस. मी तेवढं वाचून पत्र ठेवून दिलं, बाकीचं संध्याकाळी वाचलं.

सुनेचा आणखी एक प्रश्न आहे. तू इतक्या ठिकाणांबद्दल लिहिलंस, पण त्या डोंगरावरच्या जागेबद्दल कधीच नाही. पायथ्याशी चहाची टपरी आहे ती. तिथे वर कसं आहे, असं तिला हवं आहे. माहिती असेल तर कळव, नसेल तर राहू दे.

गुडघे तसेच. मलम लावते. बाहेर पडणं काही होत नाही. तू वेळेवर जेवत जा, उगाच बसस्टँडवर काहीबाही खात जाऊ नकोस.

ताई


शनिवार, २२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही मजेत. बागेतल्या बाकाची दुरुस्ती आजच केली. खाली लिहिलं आहे, 'ही चूक एका जाणकार वाचक बाईंनी दाखवली.' मी त्या बागेत फेब्रुवारीत गेले होते तेव्हा ते बाक तिथे नव्हतं. तिथे रोज वर्तमानपत्र वाचत बसणाऱ्या आजोबांना आज फोन करून विचारलं (त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, ते माझे वाचक आहेत). म्हणाले, "नवीनच बसवलंय, दोन आठवडे झाले असतील." मग बाहेर न पडणाऱ्या बाईंना ते कसं ठाऊक, असा विचार मी करत होते, तेवढ्यात फोन वाजला.

तुझी औषधवाल्यांची सून. ब्लॉगवरून नंबर घेतला म्हणाली. गोड आवाज आहे. तिला तान्ह्या बाळाला घेऊन कुठे फिरता येतं यावर लिहायचं आहे. बाळाचं दूध कुठे गरम करून मिळतं, ढकलगाडी बसमध्ये चढते का, असं सगळं विचारत होती. मी म्हटलं, "अगं, आणि ते कठड्याचं?" तर म्हणाली, "कसला कठडा?" डोंगराच्या पायथ्याच्या टपरीचं तर तिने नावही ऐकलेलं नाही.

मी विषय परत ढकलगाडीवर नेला. पण फोन ठेवता ठेवता तीच म्हणाली, "काकूंचे गुडघे आता बरे आहेत ना हो? गेल्या उन्हाळ्यापासून मलम न्यायला आल्याच नाहीत. आणि हल्ली नवे बूट घालून संध्याकाळी निघतात, मस्त चालतात!" तिच्यावर चिडू नकोस. औषधाच्या दुकानाच्या वर राहून दुखण्याची बतावणी करायची म्हणजे तुझीही कमालच आहे.

मला आधी हसू आलं. मग तुझं पत्र काढलं आणि कठड्याचे प्रश्न पुन्हा वाचले.

ताई, त्या डोंगरावर वर कसं आहे ते मला माहीत नाही. आपण दोघींनी ते बघितलंच नाही. "तुम्ही दोघी इथेच थांबा" म्हणाले, आपण थांबलो. तू तीन चहा सांगितलेस आणि त्यांचा बशीने झाकून ठेवलास. त्यावर साय धरली तेव्हा तू म्हणालीस, "बसले असतील कोणाशी तरी गप्पा झोडत." मग ती दोन मुलं उतरून आली. "वर बाकावर बसलेले काका तुमच्याबरोबरचे का?" त्यांना आधी वाटलं होतं, काका खालचं खोरं बघत निवांत बसले आहेत. नंतर माणसं वर धावली, स्ट्रेचर गेलं, आणि त्या लोकांनीही आपल्याला हेच सांगितलं, तुम्ही इथेच थांबा. तेव्हाही आपण थांबलो. त्यांना खाली आणलं तेव्हा तू टपरीवाल्याला त्या चहाचेही पैसे दिलेस.

त्यानंतर तू घरातच राहायला लागलीस. कोणी विचारलं की आपण सगळे सांगायचो, गुडघे. मीही सांगायचे. सोयीचं होतं, गुडघ्यांची चौकशी करता येते. मी मात्र बस पकडायला लागले. ते पुढे जाऊन बघून यायचे, ते काम कोणीतरी करायला हवं होतं असं मला वाटलं. बाकावर बसून बघायचं, घरी येऊन तुला सांगायचं, ताई, जागा चांगली आहे, चल. तू म्हणायचीस, "बरं आहे, ठेवते." मग मी त्याहून चांगली जागा शोधायला निघायचे. एवढी बाकं मी तुझ्या न दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी तपासली. खऱ्या गुडघेवाल्यांचं त्यात भलं झालं, तेवढं पुण्य अर्धं तुझं.

लोकांना वाटतं मी धीट आहे. आहेही. अनोळखी गावात अंधार पडायच्या आत खोली शोधते, वाढीव भाडं सांगून फसवणाऱ्या रिक्षावाल्याशी भांडते, नकाशाशिवाय वाट काढते. पण मागच्या पावसाळ्यानंतर एकदा त्या टपरीवर गेले होते. ब्लॉगसाठी, असं स्वतःला सांगून. चहा घेतला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि समोर आली ती बस पकडली. कुठली होती तेही बघितलं नाही, भलत्याच गावाला पोचले. वर एकटीने जायचं माझ्याने होणार नाही, हे तेव्हा कळलं. कोणी सांगायचंच नाही का, की या वेळी सगळेच एकदम जाऊ?

म्हणून मी सांगते. पुढच्या महिन्यात, ऊन कडक व्हायच्या आत, आपण दोघी तिथे जाऊ. मी आधी जाऊन बघून येणार नाही. कठडा कोणत्या हाताला आहे मला ठाऊक नाही. पायऱ्या उंच आहेत की बुटक्या, वाटेत सावली आहे की नाही, ठाऊक नाही. तुझ्या बाकी प्रश्नांची उत्तरं आहेत. अर्ध्यावरून परत फिरलं तर चालतं. बसून राहिलं तर लोक बघत नाहीत, आणि बघितलं तर तू शाळेत बघायचीस तसं त्यांच्याकडे बघ. वरची एकच गोष्ट आपल्याला पक्की माहीत आहे. तिथे बसायला जागा आहे. आणि ती चांगलीच असणार, कारण त्यांना ती आवडली होती, नाहीतर ते सांगायला खाली आले असते, की चला, दुसरीकडे बघू.

चहा उतरल्यावर घेऊ. कोणाचाही झाकून ठेवायचा नाही.

तू नाहीच म्हणशील. उन्हाचं कारण सांगशील, किल्ली कोणाकडे ठेवू म्हणशील, आणि एवढं होऊनसुद्धा शेवटी गुडघे काढशील. मी ते पत्रही नीट घडी घालून ठेवीन. पण नवे बूट आता पायात बसलेच आहेत, तर एकदा विचारून ठेवते. माझ्या पुढे नको, मागेही नको. बरोबरीने चढशील?

तुझी,
पहिल्या पायरीशी थांबलेली
भिंगरी